विश्लेषण : डीएनए चाचणी करणारी कंपनीच विकली गेली तर?

नळीभर लाळ पाठवा आणि आपले पूर्वज कुठले, कोणत्या आजाराचा धोका जास्त, हे घरबसल्या जाणून घ्या, असे सांगत सुमारे दीड कोटी ग्राहक मिळवणारी अमेरिकेतील ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि लिलावात विकली गेली. विकण्यासारखी सर्वात मोलाची गोष्ट तिच्याकडे एकच होती : याच ग्राहकांची जनुकीय माहिती. सातारा-सांगलीकरांचा याच्याशी काय संबंध, असा प्रश्न पडू शकेल. पण कराडच्या एखाद्या घरातील मुलीने अमेरिकेत गंमत म्हणून अशी चाचणी केली असेल, तर तिच्या गावाकडच्या भावंडांची निम्मी जनुकीय ओळखही त्या नळीतून गेली आहे. शिवाय कर्करोगाच्या उपचारासाठी किंवा बाळाच्या आजारासाठी जनुकीय चाचणी सुचवली जाणे आता इकडच्या रुग्णालयांतही नवलाचे राहिलेले नाही. नमुना घेणारी प्रयोगशाळा उद्या दुसऱ्याच्या मालकीची झाली तर या माहितीचे काय होते आणि भारताचा कायदा त्या वेळी रुग्णाच्या बाजूने किती उभा राहतो, याचा हा आढावा.

‘ट्वेंटीथ्री अँड मी’चे नेमके काय झाले?

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, त्यावरून या कंपनीचे नाव पडले. २००६ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी २०२१ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा तिचे मूल्य साडेतीन अब्ज डॉलर धरले गेले होते. अडचण धंद्याच्या स्वरूपातच होती. डीएनए आयुष्यभर तोच राहतो, त्यामुळे ग्राहक एकदा चाचणी करतो आणि पुन्हा येत नाही. दुसरे उत्पन्न औषध कंपन्यांकडून अपेक्षित होते. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २०१८ मध्ये तिच्यात ३० कोटी डॉलर गुंतवले, ते ग्राहकांच्या माहितीच्या साठ्यातून नवी औषधे शोधता येतील या हिशेबानेच. ८० टक्क्यांहून अधिक ग्राहकांनी संशोधनाला संमती दिली असल्याचे कंपनी सांगत असे. तरीही गणित जमले नाही.

२३ मार्च २०२५ रोजी कंपनीने मिसुरी राज्यातील न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या दोनच दिवस आधी कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी नागरिकांना आपली माहिती आणि नमुना पुसून टाकण्याच्या हक्काची जाहीर आठवण करून दिली होती. मे महिन्यात रिजेनेरॉन या औषध कंपनीने २५ कोटी ६० लाख डॉलरची बोली लावली. जूनमध्ये कंपनीच्या सहसंस्थापक अ‍ॅन वोचिस्की यांच्या ‘टीटीएएम रिसर्च इन्स्टिट्यूट’ या ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे सुमारे २,६०० कोटी रुपये देऊ केले. न्यायालयाने २७ जूनला मंजुरी दिली आणि जुलैच्या मध्यास व्यवहार पूर्ण झाला. या काही महिन्यांत जवळपास १९ लाख ग्राहकांनी माहिती पुसण्याची मागणी केली होती.

ग्राहकांची माहिती अशी विकता येते का?

बहुतेक ग्राहकांची समजूत अशी असते की वैद्यकीय माहितीला कायद्याचे संरक्षण असते. अमेरिकेत रुग्णालये आणि विमा कंपन्यांना लागू होणारा आरोग्य माहितीचा कायदा थेट ग्राहकाला चाचणी विकणाऱ्या कंपनीला लागूच होत नाही. त्या कंपनीला बांधणारी गोष्ट म्हणजे तिचे स्वतःचे गोपनीयता धोरण. आणि कंपनी विकली किंवा विलीन झाली तर ग्राहकांची माहितीही त्या व्यवहाराचा भाग होऊ शकते, असे त्या धोरणातच लिहिलेले होते. ‘मान्य आहे’वर बोट ठेवताना ते वाक्य किती जणांनी वाचले असेल?

तरीही तिथे काही अडसर होते. दिवाळखोरीच्या कायद्यानुसार न्यायालयाने ग्राहकांच्या खासगीपणाचा विचार करण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमला. २७ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांनी मिळून दावा केला, की प्रत्येक ग्राहकाची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय ही माहिती विकता येणार नाही. या दबावामुळे खरेदीदाराला काही गोष्टी लिहून द्याव्या लागल्या : जुने गोपनीयता धोरण पाळणे, माहिती पुसण्याचा हक्क कायम ठेवणे, व्यवहार पूर्ण होण्याआधी सर्व ग्राहकांना ई-मेल पाठवणे, सल्लागार मंडळ नेमणे. प्रत्येकाची नव्याने संमती घेण्याची मागणी मात्र मान्य झाली नाही. गप्प राहिलेल्या ग्राहकाची माहिती नव्या मालकाकडे गेली. कॅलिफोर्नियाने अखेरपर्यंत विरोध सोडला नाही, त्याचे कारण हेच.

ना-नफा संस्थेकडे माहिती गेली म्हणून हा शेवट बरा मानला गेला. मालक बदलल्यावर हेतू कसा सरकतो याचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘जीईडीमॅच’ हे संकेतस्थळ वंशावळीची हौस असलेल्या लोकांनी दूरचे नातलग शोधण्यासाठी वापरले जाई. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील जुना मालिका-खुनी पोलिसांना सापडला, तो या संकेतस्थळावरील त्याच्या दूरच्या नातलगांमुळे. त्याने स्वतः कधीच आपला नमुना तिथे दिला नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये हे संकेतस्थळ व्हेरोजेन या गुन्हे-तपासासाठी डीएनए तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीने घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या कंपनीसकट ते कियाजेनकडे गेले. खुनी सापडला याचे वाईट कोणाला वाटणार नाही. पण आजोबांचे गाव शोधायला दिलेली माहिती तीन-चार वर्षांत कुठून कुठे गेली, हे पाहण्यासारखे आहे.

१४ हजार खात्यांतून ६९ लाख लोक उघडे कसे पडले?

जनुकीय माहिती बँक खात्याच्या माहितीसारखी का नाही, हे समजण्यासाठी विक्रीच्या आधीची एक घटना पाहावी लागते. २०२३ मध्ये हॅकरांनी इतर संकेतस्थळांवरून फुटलेले जुने पासवर्ड वापरून ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ची सुमारे १४ हजार खाती उघडली. बाधित झालेल्यांचा आकडा मात्र ६९ लाखांवर गेला. कारण कंपनीच्या संकेतस्थळावर नातलग जुळवून देण्याची सोय होती. एका खात्यातून त्याच्याशी डीएनए जुळणाऱ्या शेकडो जणांची नावे, नाते आणि वंशाचा तपशील दिसत होता. चोरी उघडकीस यायला पाच महिने लागले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी यासाठी जून २०२५ मध्ये कंपनीला २३ लाख १० हजार पौंडांचा दंड केला, तोवर कंपनी दिवाळखोरीत गेली होती.

चोरांनी ही माहिती कशी विकायला काढली, ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. त्यांनी अश्केनाझी ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या केल्या होत्या. म्हणजे एकेका माणसाची नव्हे, समाजाची यादी.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बँक खाते बंद करता येते. डीएनए बदलता येत नाही. आणि तो एकट्याचा नसतो. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा, चुलत, मामे किंवा आतेभावंडांत आठवा हिस्सा डीएनए समान असतो. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १३ लाख लोकांच्या साठ्यावरून असे दिसले, की युरोपीय वंशाच्या अमेरिकी माणसाचा शोध घेतला तर १०० पैकी ६० वेळा त्याचा खापरपणजोबा एक असलेला किंवा त्याहून जवळचा नातलग सापडतो. चाचणी न केलेली माणसेही अशी ओळखू येतात.

सातारा-सांगलीत हा प्रश्न वेगळा का?

इथे नात्यांची वीण अधिक घट्ट आहे. लग्ने जातीत, पोटजातीत आणि बहुधा चार-पाच तालुक्यांच्या टापूत होतात. पश्चिम महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. एकाच माणसाशी वडिलांकडून आणि आईकडूनही नाते असणे इथे नेहमीचे. जनुकांच्या भाषेत याचा अर्थ असा, की एका व्यक्तीच्या चाचणीतून अमेरिकेतील सरासरी कुटुंबापेक्षा जास्त माणसांविषयी आणि जास्त खात्रीने अंदाज बांधता येतो.

यामागे ठोस संशोधन आहे. हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड येथील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ८१ गट असे निघाले, की थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यांच्यात अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आहे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्या असलेले १४ समाज त्यात होते. अशा समाजांत काही दुर्मीळ आजारांची जनुके साचून राहतात. ती शोधणे उपचारांसाठी फार उपयोगाचे आहे, यात शंका नाही. पण ज्या अश्केनाझी समाजाची यादी चोरांनी विकायला काढली, त्याच्यासारखीच आपल्याकडच्या अनेक जातींची जनुकीय ठेवण आहे, ही या संशोधनाची दुसरी बाजू.

कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेत कर्करोगाशी संबंधित जनुकांवर अनेक वर्षे संशोधन सुरू आहे. मिरज तर शतकाहून अधिक काळ सीमाभागापर्यंतच्या रुग्णांचे उपचारकेंद्र आहे. डॉक्टरांनी सुचवलेली जनुकीय चाचणी आणि हौसेने केलेली वंशाची चाचणी यांत मोठा फरक आहे. पहिलीमुळे स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाचा उपचार बदलू शकतो, पुढच्या गर्भारपणाचा निर्णय घेता येतो. ती टाळण्याचे कारण नाही. मात्र अशा चाचण्यांचे नमुने बहुधा इथे तपासले जात नाहीत, ते मुंबई, बंगळूरु, हैदराबादसारख्या शहरांतील कंपन्यांकडे जातात. रुग्णाच्या हातात पावती असते ती गावातल्या संकलन केंद्राची. आपला नमुना शेवटी कोणाकडे पोहोचला, हे अनेकदा अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांतच कळते.

भारतात अशा कंपन्यांची खरेदी-विक्री झाली आहे?

झाली आहे. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी २००० मध्ये उभारलेल्या स्ट्रँड लाइफ सायन्सेस या जनुकीय चाचण्यांच्या कंपनीतील मोठा हिस्सा सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या रिलायन्स समूहाने ३९३ कोटी रुपयांना घेतला. पुढच्या गुंतवणुकीसह हा हिस्सा सुमारे ८० टक्क्यांवर जाणार होता. २०२३ च्या सुरुवातीला सुमारे १२ हजार रुपयांत व्यापक जनुकीय चाचणी आणण्याची तयारी जाहीर झाली. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्याच मेट्रोपोलिस हेल्थकेअरने कर्करोगाच्या प्रगत चाचण्या करणारी गुरुग्रामची कोअर डायग्नोस्टिक्स सुमारे २४७ कोटी रुपयांना घेण्याचा करार जाहीर केला.

हे व्यवहार कायदेशीर आणि उघड होते, आणि प्रश्न या कंपन्यांच्या हेतूचा नाही. निदान क्षेत्रात मोठ्याने लहान घेणे चालूच राहणार आहे. प्रश्न असा, की मालक बदलला हे ज्याचे जनुक तपासले त्याला कोण सांगते? शेअर बाजाराला कळवणे बंधनकारक असते. रुग्णाला कळवण्याचे बंधन शोधू गेल्यास हाती काही लागत नाही.

भारताचा कायदा विक्रीच्या वेळी काय म्हणतो?

इथेच मेख आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमती, माहिती पुसणे यांसारख्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील, असे वेळापत्रक त्यात दिले आहे. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात जनुकीय माहितीला ‘संवेदनशील’ माहितीच्या वेगळ्या वर्गात ठेवले होते. २०२३ च्या कायद्यात हा वर्गच गाळला गेला. त्यामुळे मोबाइल क्रमांक आणि डीएनए कायद्याच्या लेखी एकाच पंगतीत बसले.

कलम १७ मधील एक अपवाद तर नेमका विक्रीबद्दलच आहे. न्यायालय, न्यायाधिकरण किंवा सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेले विलीनीकरण, विभाजन किंवा व्यवसायाचे हस्तांतरण यासाठी माहिती वापरणे आवश्यक असेल, तर त्या वापराला संमतीचे प्रकरण आणि नागरिकाच्या हक्कांचे प्रकरण बहुतांशी लागू होत नाही. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी शिल्लक राहते. सोप्या शब्दांत, कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने उद्या एखाद्या जनुकीय चाचणी कंपनीच्या विलीनीकरणाला मान्यता दिली, तर त्या व्यवहारापुरते ‘माझी माहिती देऊ नका’ म्हणण्याचा हक्क रुग्णाजवळ उरत नाही. ‘व्यवहारासाठी आवश्यक’ याची हद्द कुठे संपते, हे पुढे माहिती संरक्षण मंडळ आणि न्यायालये ठरवतील. व्यवहार झाल्यावर नव्या मालकाला कायदा पूर्ण लागू होतो, हेही खरे. पण अमेरिकेत जो थोडाफार संघर्ष झाला तो व्यवहाराच्या आधी झाला. आपल्या दिवाळखोरी संहितेत ग्राहकांच्या खासगीपणासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याची सोय नाही.

फक्त शेअर विकले गेले, तर हा अपवादही लागत नाही. कंपनी कायद्याने तीच राहते, मालक तेवढा बदलतो आणि जुनी संमती चालू राहते.

आणि कुटुंब? हा कायदा एकट्या व्यक्तीचा विचार करतो. बहिणीने केलेल्या चाचणीत आपलाही अंश आहे म्हणून भावाला आक्षेप घेता येईल, अशी कल्पना त्यात नाही. चाचणी अमेरिकेत, अमेरिकेच्या कंपनीकडे झाली असेल तर गावाकडच्या नातलगांना भारतीय कायद्याचा आधार मिळणे अवघडच.

जाता जाता एक नोंद. ‘जनुकीय प्रयोगशाळा’ या शब्दाला भारतीय कायद्यात सर्वात कडक नियम आहेत ते १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यात. २०१७ च्या म्हैसाळ प्रकरणानंतर सांगली जिल्ह्याला तो कायदा नव्याने सांगायला नको. पण त्याचा रोख गर्भाचे लिंग कळू नये यावर आहे. प्रौढ माणसाच्या जनुकांची माहिती पुढे कोणाकडे जाते, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

विमा, नोकरी की सोयरीक?

अमेरिकेत २००८ पासून जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा किंवा नोकरी नाकारण्यास बंदी आहे, आयुर्विमा त्यातून सुटला आहे. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हृदयाच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाचा दावा नाकारणाऱ्या सरकारी विमा कंपनीला फटकारले आणि जनुकीय वारशावरून भेदभाव हा समानतेच्या हक्काचा भंग असल्याचे म्हटले. त्यानंतर विमा नियामकाने कंपन्यांना या कारणावरून दावे नाकारू नका, असे सांगितले. निकालाला पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले.

आपल्याकडे विम्यापेक्षा मोठी भीती मात्र सोयरिकीची आहे. थॅलेसेमियाचा वाहक असलेला माणूस स्वतः आजारी नसतो. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एवढा फरक समजून घेण्याइतका वेळ लग्न जमवणाऱ्या बैठकीत कोणी देत नाही. ‘त्यांच्या घरात काहीतरी आहे’ एवढी कुजबुज पुरते आणि ती आधी मुलीच्या वाट्याला येते. तीही एका मुलीच्या नव्हे. तिच्या चुलत बहिणींची स्थळेही त्याच वाक्यावर अडतात. माहिती फुटण्याची किंमत परदेशात दंडाच्या आकड्यात मोजली जाते, इथे ती अशी चुकवली जाते आणि त्याची नोंद कोणत्याच मंडळाकडे होत नाही.

चाचणी करताना काय विचारता येईल?

डॉक्टरांनी सुचवलेली चाचणी असेल तर नमुना नेमक्या कोणत्या प्रयोगशाळेत जाणार, तिचे नाव लिहून घ्यावे. संमतीपत्रात चाचणीची संमती आणि संशोधनाची संमती वेगळ्या आहेत का, हे पाहावे. दुसरी नाकारली तरी चाचणी होऊ शकते. नव्या कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील २२ पैकी कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीत मागता येईल. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असेही तो कायदा म्हणतो. आपली माहिती आणखी कोणाला दिली, हे विचारण्याचा हक्कही त्यात आहे. मालकी बदलल्याची बातमी वाचनात आली तर हे प्रश्न विचारण्याची तीच वेळ.

घरातल्या कोणी परदेशात हौसेने चाचणी केली असेल, तर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी स्वतंत्रपणे कराव्या लागतात : जपून ठेवलेला लाळेचा नमुना नष्ट करायला सांगणे, संशोधनाची संमती काढून घेणे आणि शेवटी खाते व माहिती पुसणे. त्याआधी अहवाल हवा असल्यास उतरवून घ्यावा, नंतर तो मिळत नाही. एवढे करूनही, ज्या संशोधनात माहिती आधीच वापरली गेली त्यातून ती परत काढता येत नाही, आणि प्रयोगशाळांच्या नियमांसाठी काही नोंदी कंपनी ठेवतेच, असे ‘ट्वेंटीथ्री अँड मी’च्या अटींमध्ये लिहिलेले आहे.